वासुदेवकाकांचं निदान

वासुदेवकाका कोणतंही यंत्र डोळ्यांनी तपासत नाहीत, पेचकसाने तपासतात. पेचकसाचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि आजूबाजूच्यांना गप्प बसवायचं. विहिरीवरच्या मोटारी, मिक्सर, फ्रीज, माझी स्कूटर, सगळे या तपासणीतून गेले आहेत. एकदा मी नुसता खोकलो तर काकांचा हात पेचकसाकडे गेला. तेव्हापासून शेजारी असूनही मी त्यांच्या ओट्यावर खोकत नाही.

डोणगावात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. "मोटार जळली" म्हणत शेतकरी आला की काका आधी त्यालाच फैलावर घेत. "मशीन कधी चुकत नाही बे! चुकते तो मानूस. एक फेज गेलती, तरी स्टार्टर कोनं दाबला, ते सांग." अख्ख्या पंचक्रोशीत यंत्रांना हा एकच वकील. गिऱ्हाईक मोटार घेऊन जायचं ते मान खाली घालूनच.

मग पुण्यात असलेल्या मुलाने स्मार्ट स्पीकर पाठवला. तो काकूंसाठी. मागच्या वर्षी काकूंना लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, नाहीतर वाचा बसेल ती कायमची. मुलाचा हिशेब असा की आई त्या डबीला भजन लावायला सांगेल, तेवढंच बोलणं होईल. काकूंनी सांगितलं. डबी शुद्ध हिंदीत म्हणाली, "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई।"

तेव्हापासून काकांच्या घराचं वर्कशॉप झालं. रोज नवा फॉल्ट. सोमवारी अडॅप्टर गरम होत होता. मंगळवारी आत ओल धरली होती, म्हणून डबी कुरडयांशेजारी उन्हात वाळत पडली. मग माईकच्या छिद्रांत धूळ निघाली, ती जुन्या टूथब्रशने घासून झाली. आणि प्रत्येक निदान खाटेवरच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर व्हायचं, "माईकच कच्चा हाय याचा! तू काहून उदास होतं?"

यंत्रांच्या वकिलाने असा पक्ष बदललेला पाहून मला वाटलं, काकांचं आता वय झालं.

एका दुपारी काकू झोपल्या होत्या. काका ओट्यावर डबीला पेचकस लावून बसलेले. मी गंमत म्हणून डबीला एक लावणी लावायला सांगितलं. लगेच ढोलकी कडाडली! काकांनी झडप घालून वायरच उपटली.

"हळू बोल बे! उठन ना ते."

"काका, हिला तर सगळं ऐकू येतं!"

"येते ना. पहिल्याच दिवशी मालूम झालं मले." काकांनी आत डोकावून पाहिलं. "पन मंग फॉल्ट कोनात हाय, हे तिले कोन सांगन? डबीनं माफी मांगली, अन् ही जे गप झाली! पान्यासाठीबी बोटच दाखवे. म्हून म्या डबीच बिघडवली."

जन्मभर माणसांना दोषी ठरवणाऱ्या माणसाने एका निर्दोष यंत्रावर खोटा आळ घेतला होता. मी उपटलेली वायर हळूच परत लावून दिली.

संध्याकाळपर्यंत मी तिथेच रेंगाळलो. काकूंनी भजन मागितलं, पण शब्द एकमेकांना चिकटून आले. डबीने माफी मागितली.

"पाह्य, आजबी माईक बंद!" काका ओरडले आणि त्यांनी पेचकस उचलला. तेवढ्यात काकूंनी डाव्या हाताने खाटेवर चापट मारली.

"फे... फेका तिले!"

शब्द लख्ख होते. काका जागच्या जागी थांबले.

"काय म्हनली? पुन्हा म्हन."

"फेका!"

काकांनी फडक्याने डबी पुसली. मग त्याच फडक्याने डोळे पुसले.

"नाही फेकत," ते म्हणाले. "फेकली तं उद्या शिव्या कोनाले देशीन?"