प्रमिलाबाईंची रॅग्लान बाही

"रॅग्लान बाही काय आभाळातून पडली का?" प्रमिलाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं. "खांद्यावर न जोडता गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी जोडायची, झालं! अर्ध्या वर्ध्यातल्या पोरी माझ्या हाताखाली शिवण शिकल्या. माझी शिलाई उसवली म्हणणारा अजून जन्माले यायचा आहे!"

पुंडलिकरावांनी पेपरातून डोकं न काढता 'हूं' केलं. शिवणाच्या बाईशी संसार केलेला माणूस कात्रीच्या वाऱ्याला उभा राहत नाही.

भानगड अशी होती. एकुलता एक साकेत पुण्यात नोकरीला. उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. त्याच्या सासूबाईंनी, म्हणजे कारंजा घाडगेच्या नमिताताईंनी, जावयाला एक विकतची निळी हुडी दिली. तेव्हापासून कधीही व्हिडिओ कॉल लावा, पोरगा त्याच हुडीत! आईनं लग्नाआधी शिवून दिलेल्या कुर्त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. पहिली दिवाळी रीतीप्रमाणे सासरी झाली, तीही हुडीतच.

"जन्म दिला म्या, वाढवला म्या, अन् ऊब मात्र कारंज्याची!" प्रमिलाबाई म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण आत कुठेतरी टाका ओढला जायचा.

आता मात्र पहिली संक्रांत होती आणि साकेत-वेदश्री वर्ध्याला येणार होते. सुनेला काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि पोराला काळी हुडी. आईच्या हातची! एकदा का ती अंगात गेली की निळी बोचक्यात, असा बेत होता.

कापडाच्या दुकानातल्या प्रफुलभाऊंनी समजावून पाहिलं. "काकू, हुडीले होजियरी घ्या. ताणते. डोक्यातून जाते."

"ताणते तो कपडा बनियनचा!"

"मंग समोरून चेन तरी लावा."

"चेन म्हणजे पळवाट!" असं म्हणून प्रमिलाबाई थेट सेवाग्रामला गेल्या आणि जाडजूड काळी खादी घेऊन आल्या. ती इतकी घट्ट विणलेली होती की सुईनं आत शिरण्याआधी परवानगी मागावी!

माप फोनवर विचारायचा प्रश्नच नव्हता. आईनं पोराचं माप विचारायचं म्हणजे देवानं भक्ताचा पत्ता विचारण्यासारखं! कपाटात साकेतचा बारावीतला शर्ट होता. बाईंनीच शिवलेला, आणि त्यानं हट्टानं, कॉलर फाटेपर्यंत घातलेला. त्यावरून कापलं, वर दोन बोटं वाढवली. प्रत्येक जोडावर दुहेरी शिलाई मारली.

तयार हुडी पुंडलिकरावांवर चढवून पाहिली. ते मुळात काडी पैलवान. हुडी सर्रकन गेली! बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी नवऱ्याला भर दुपारी ओसरीत बसवलं, टोपीसकट. "हलू नका, बाहीचा झोल पाहून राह्यली मी."

तेवढ्यात शेजारची मयुरी डोकावली. भर उन्हात डोक्यापासून काळ्यात गुंडाळलेले काका, घामाघूम!

"मायबाई! काकाले काय झालं?"

"काई नाई वं, संक्रांत येईपर्यंत कोणाले सांगू नको," प्रमिलाबाई घाईनं म्हणाल्या. गंमत फुटू नये म्हणून.

झालं! मयुरीनं कोणाला सांगितलं नाही. फक्त कारंज्याच्या आपल्या मामीला सांगितलं. काकांना थंडीताप आहे, मोठं काहीतरी आहे आणि घरचे लपवून राहिले आहेत. बातमी फिरत फिरत आली आणि संध्याकाळी गल्लीतले बाबाराव मोसंब्या घेऊन हजर. "पुंडलिकराव, सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून घ्या. भीड नका करू." पुंडलिकरावांनी मोसंबी सोलली आणि भीड न करता खाल्ली.

संक्रांतीच्या दिवशी दारात गाडी थांबली. वेदश्री उतरली, साकेत उतरला, आणि मागून, आजारी व्याह्यांना भेटायला, हातात नारळपाणी घेऊन नमिताताई!

प्रमिलाबाईंचं लक्ष मात्र साकेतवर होतं. फोनवर पोरगा गळ्यापर्यंतच दिसतो. गळ्याखाली काय चाललंय ते कोण दाखवतं? लग्न त्याला चांगलंच मानवलं होतं. निळ्या हुडीत तो भरलेल्या गादीसारखा दिसत होता.

त्या क्षणी बाईंना कळलं. चांगलंच कळलं! पण हळदीकुंकवाच्या बाया जमल्या होत्या, विहीणबाई समोर होत्या, आणि मयुरीनं भेटीचा डबा उघडून हुडी वर धरलीसुद्धा होती. "अय्या, काकूनं शिवली!"

"काढ ते निळं. हे घाल," बाई म्हणाल्या.

"आई, जरा लहान वाटून राह्यली."

"घातल्यावर बसते!"

साकेतनं हात वर केले, डोकं घातलं. हुडी दंडापर्यंत आली आणि थांबली. डोकं गळ्यात शिरलं, पण बाहेर काही येईना. हात आभाळाकडे, पोट उघडं, आणि आतून आवाज, "मले श्वास नाई येऊन राह्यला!"

"अवो, वढा!" मयुरी ओरडली. नमिताताईंनी एक बाही धरली, प्रमिलाबाईंनी दुसरी. दोघी ओढताहेत, मधे साकेत भिंगरीसारखा फिरतोय, पण शिलाई हलेल तर शपथ!

"मम्मी, सोडा! हात तुटून राह्यला!"

मम्मी म्हणजे सासूबाई. नमिताताईंनी बाही लगेच सोडली. प्रमिलाबाईंनी नाही सोडली. साकेत त्यांच्या अंगावर, त्या तिळगुळाच्या ताटावर! बायांमधून कोणीतरी हळूच म्हणालं, "पाहा, जीव तं विहीणबाईचाच तुटला."

हे प्रमिलाबाईंना लागलं. ताटाचा काठ लागला त्याहून जास्त लागलं. आणि आतून पोरगा हाका मारत होता, "वेदश्री! कात्री आण, वेदश्री!"

कात्री प्रमिलाबाईंनीच आणली. कुठं कापायचं हे दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं. त्यांनी गळ्यापासून काखेपर्यंत, तिरपी, आपलीच शिलाई कापली. लालबुंद साकेत बाहेर आला, घटाघटा नारळपाणी प्यायला आणि म्हणाला, "आई, कायले एवढा कुटाणा करतं? सगळं ऑनलाइन भेटते ना!"

"हो रे बाप्पा," बाई म्हणाल्या. "भेटते."

"कपडा लय मजबूत आहे पण, ताई," नमिताताई मनापासून म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या, याचाच बाईंना जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सगळे गेले. साकेत निळ्या हुडीत गेला. प्रमिलाबाई कापलेली बाही मांडीवर घेऊन बसल्या आणि रडल्या. पुंडलिकराव शेजारी येऊन टेकले.

"जाऊ दे. माप चुकलं, इतकंच."

"माप नाई चुकलं!" बाई उसळल्या. "ज्या साकेतसाठी शिवलं होतं ना, त्याले बरोबर बसलं असतं!"

"बसलं असतं," पुंडलिकराव म्हणाले. "पण तो बारावीतला नाई येत ना आता. हा येते."