पिवळ्या कागदामागचं वऱ्हाड

सुका मासा घेऊन ये असं मिरेल्लानेच सांगितलं होतं, तेव्हा पुढे जे घडलं त्याचा सगळा दोष ओरेस्तेच्या माथी मारणं बरोबर नाही.

ओरेस्ते खाली बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पन्नाशी उलटलेली, हातात कसब, पण तोंडाला कुलूप. नन्सच्या अनाथाश्रमात वाढलेला, त्यामुळे पुढे-मागे कोणी नाही. मिरेल्ला बंदरावरच्या औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रोज संध्याकाळी बसने वर डोंगरावर, कास्तेलवेंतोला आईकडे परत जायची. दोघांचं जमून बरीच वर्षं झाली होती. घोडं अडलं होतं ते आईपाशी.

क्लेलियाबाई कास्तेलवेंतोच्या तटबंदीच्या आत जन्मल्या आणि आतच नांदल्या. समुद्र त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायचा, पण नवरा गेल्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. खालच्या लोकांबद्दल त्यांचं मत ठाम होतं : ती माणसं मिठासारखी, लांबून साखर वाटतात. याहून वाईट मत फक्त सहलीला येणाऱ्यांबद्दल होतं. हे लोक गल्लीत उभे राहून वाळत घातलेल्या परकरांचे फोटो काढतात, म्हणून बाईंनी एकदा वरून बादली ओतली होती. पण ओरेस्तेला नकार द्यायचं कारण वेगळंच होतं. "ज्याच्या बाजूने बोलायला एक मामा नाही, त्याला मुलगी कशी देऊ?" त्या मिरेल्लाला विचारायच्या. "उद्या याने काही वाकडंतिकडं केलं, तर मी जाब विचारायला कोणाच्या दारात जाऊ?"

शेवटी लेकीच्या हट्टापायी त्या एवढ्याला तयार झाल्या, की त्याने रविवारी जेवायला यावं. मिरेल्लाने ओरेस्तेला बजावून ठेवलं. उशीर करू नकोस, सहलवाल्यांचा विषय काढू नकोस, आणि येताना चांगला मोठा सुका कॉड मासा आण, आई त्यावर जीव टाकते.

ओरेस्तेने बाजारातला सगळ्यात लांब मासा निवडला. वाळून काठीसारखा ताठ झालेला. कोळिणीने तो पिवळ्या कागदात घट्ट गुंडाळून दिला. बस वेशीपाशी थांबली, ओरेस्ते कमानीतून आत शिरला, आणि कास्तेलवेंतोतल्या मांजरांना वास लागला.

त्या गावात माणसांपेक्षा मांजरं जास्त. आधी एक पायात आलं, मग दोन भिंतीवरून उतरली, मग एका धीट बोक्याने कागदाला पंजाच मारला. ओरेस्तेने मासा उचलून खांद्यावर धरला. बोका बाजूच्या पायरीवर चढला. मग ओरेस्तेने हात सरळ वर केला आणि मासा निशाणासारखा डोक्यावर उंच धरून तो झपझप चढ चढू लागला.

नेमकी त्याच वेळी वेशीपाशी बेर्गामोच्या पेन्शनरांची एक बस येऊन थांबली होती. त्यांची वाटाड्या लोरेदाना हिने बसमध्येच सगळ्यांना सांगितलं होतं, की वर गावात गल्ल्या फार, चुकायला होतं, तेव्हा पिवळ्या छत्रीच्या मागे राहा. मग ती उतरली, तिच्या बुटाची टाच दोन दगडांच्या फटीत अडकली, आणि ती खाली वाकून बूट ओढत बसली. मंडळींनी मान वर करून पाहिलं तर पुढच्या वळणावर पिवळं काहीतरी उंच हलत होतं. सगळे त्याच्यामागे निघाले.

पावलांचा आवाज ओरेस्तेला जरा वेळाने जाणवला. मागे वळून पाहतो तर तीसेक म्हातारी माणसं धापा टाकत येतायत. त्याने वेग वाढवला, त्यांनीही वाढवला. त्याला वाईट वाटलं, म्हणून तो थांबला. तेही थांबले. पांढरी टोपी घातलेली एक ठेंगणीठुसकी बाई पुढे आली. तिचं नाव पिएरा. समोरची कमान किती जुनी, असं तिने विचारलं.

ओरेस्तेने कमानीकडे पाहिलं. "बरीच जुनी आहे," तो म्हणाला.

मंडळींनी समाधानाने माना हलवल्या. आधीच्या गावातल्या वाटाड्याने प्रत्येक दगडामागे एक लढाई सांगितली होती, त्यापेक्षा हा बरा असं त्यांचं मत पडलं. आपला काहीतरी गैरसमज होतोय, मी तुमच्यातला नाही, मी जेवायला चाललोय, असं ओरेस्तेने चाचरत सांगितलं. पण सहलीच्या पत्रकातच 'घरगुती जेवण' असं छापलेलं होतं. जेवायला चाललोय हे ऐकताच शेवटच्या माणसापर्यंत बातमी गेली आणि जे दमले होते तेही उठले.

"कुठे जेवायचंय?" पिएराबाईंनी विचारलं.

"एका बाईंच्या घरी," ओरेस्ते म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"काय केलंय त्यांनी?"

"ऑलिव्ह घालून ससा. फार छान करतात म्हणे."

यानंतर त्यांना परतवणं देवालाही शक्य नव्हतं. ओरेस्तेने दोन गल्ल्या जादा फिरून पाहिलं. मंडळींनी त्याला गावदर्शन मानलं. मागे राहिलेल्यांसाठी थांबला नाही तर कोणी म्हातारं पडेल या भीतीने तो थांबतही होता. शेवटी उशीर होऊ लागला तेव्हा त्याने मन घट्ट करून क्लेलियाबाईंच्या दारावर टकटक केली. आत शिरून पटकन दार लावून घ्यायचं, असा त्याचा बेत होता.

दार मिरेल्लाने उघडलं. तिने ओरेस्तेकडे पाहिलं, त्याच्या मागे उतारापर्यंत भरलेल्या गल्लीकडे पाहिलं, आणि तिचा रंग उडाला. ती काही बोलणार तोच मागून डाव हातात घेऊन खुद्द क्लेलियाबाई आल्या. ओरेस्तेने डोळे मिटले. त्याला बादलीची गोष्ट माहीत होती.

क्लेलियाबाई दारात स्तब्ध उभ्या राहिल्या. स्वच्छ कपड्यांतली, पिकल्या केसांची, बाया-पुरुष मिळून तीस माणसं. रविवारी, जेवणाच्या वेळी, ओरेस्तेच्या पाठीमागे, रांगेने. बाईंचा चेहरा हळूहळू बदलला.

"मिरेल्ला," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू तर म्हणालीस त्याला कोणी नाही. अगं, हा सगळं गोत घेऊन आलाय."

मिरेल्लाने तोंड उघडलं. पण तोवर पिएराबाईंनी पुढे होऊन क्लेलियाबाईंचे दोन्ही गाल चुंबले होते, वासावरूनच ससा उत्तम झाल्याचं सांगितलं होतं, आणि आत पाऊलही टाकलं होतं.

आता प्रश्न गावाच्या अब्रूचा होता. मुलाकडची माणसं दारात आणि पातेल्यात ससा एक. क्लेलियाबाईंनी खिडकीतून समोरच्या घरी हाक घातली, समोरच्यांनी वरच्या घरी. रविवारचं सगळीकडेच शिजलेलं होतं. एका घरून पालेभाजी भरलेल्या चपट्या पोळ्यांचा थाळा आला, दुसरीकडून वाल, तिसरीकडून वाइनच्या बाटल्या. माणसं स्वयंपाकघरात बसली, जिन्यावर बसली, उरलेली गल्लीत खुर्च्या टाकून बसली. पिवळं पुडकं मिरेल्लाने कपाटावर ठेवून दिलं. ओरेस्तेने तिला भांडी मांडण्याच्या निमित्ताने कोपऱ्यात गाठलं आणि मी आत्ताच्या आत्ता खरं सांगतो म्हणाला. मिरेल्लाने आईकडे पाहिलं. आईने चांगला अभ्रा घालून ठेवलेली उशी कोणा म्हाताऱ्याच्या पाठीशी दिली होती आणि ती हसत होती. मिरेल्लाने आईला इतकं हसताना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. निदान जेवणानंतरची फळं तरी खाऊन होऊ देत, ती म्हणाली.

फळं झाल्यावर क्लेलियाबाईंनी व्याह्यांना घर दाखवलं. लेकीसाठी भरून ठेवलेल्या चादरी दाखवल्या, पाहुण्यांनी त्या बोटांनी चाचपून वाहवा केली. आपला शिसवी पलंग दाखवला. मग भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो आला, आणि तो दर शनिवारी आपल्याला खाली समुद्रकाठी नाचायला कसा न्यायचा, परतताना बूट हातात घेऊन आपण चढ कसा चढायचो, हेही त्यांनी सांगितलं. मिरेल्लाला हे ठाऊक नव्हतं. पाहुण्यांतल्या बायांनी डोळे टिपले.

मग क्लेलियाबाईंनी पिएराबाईंना बाजूला घेतलं आणि मुद्द्याचं विचारलं.

"खरं सांगा हं. माणूस कसा आहे?"

"चांगला आहे हो," पिएराबाई मनापासून म्हणाल्या. "बोलत नाही फारसा, पण बडबड्यांचा अनुभव आम्ही घेतलाय. हा मागे राहिलेल्यासाठी थांबतो. चढावर माझा हात धरला त्याने, न सांगता."

क्लेलियाबाईंनी मान डोलावली. मुलाच्या घरचा माणूस मुलाची नेहमीच स्तुती करतो, पण या स्तुतीत साखर कमी होती, हे त्यांना पटलं.

एवढ्यात दारात लोरेदाना उभी राहिली. एका पायात बूट, दुसरा हातात, काखेत पिवळी छत्री, घामाने केस कपाळाला चिकटलेले. तिने गावातली सगळी देवळं, किल्ला आणि दफनभूमीसुद्धा पालथी घातली होती. मी यांना वेड्यासारखी शोधतेय, ही माझी सहल आहे, आणि आमचं जेवण खाली हॉटेलात वाया गेलं, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

क्लेलियाबाईंनी डाव टेबलावर ठेवला.

"सहल," त्या म्हणाल्या. मग ओरेस्तेकडे वळल्या. "हे तुमचे कोणी नाहीत?"

ओरेस्ते उभा राहिला. एवढ्या माणसांसमोर तो आयुष्यात बोलला नव्हता. "नाही, बाई," तो म्हणाला. "मला कोणीच नाही. हे गल्लीत मागे लागले आणि मला यांना हाकलता आलं नाही."

सगळ्यांनी आपापल्या बशा खाली ठेवल्या. मग पिएराबाईंनी टोपी काढून हातात घेतली.

"आमचं चुकलंच," त्या म्हणाल्या. "पण कोणीच नाही असं कसं म्हणता येईल? ससा खाल्लाय आम्ही याच्या नावावर."

क्लेलियाबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खुंटीवरचा कोट काढला, डोक्याला रुमाल बांधला, आणि घरी जेवलेल्या माणसाला वेशीपर्यंत पोचवायची आमच्याकडे रीत आहे, एवढंच बोलून पिएराबाईंचा हात धरून बाहेर पडल्या. मागे सगळी मंडळी. सगळ्यात शेवटी लंगडत लोरेदाना.

ओरेस्ते आणि मिरेल्ला भांडी घासत राहिले. आई आल्यावर काय बोलायचं ते दोघांनी ठरवलं, मग बदललं, मग पुन्हा ठरवलं. भांडी संपली. आई आली नाही. मिरेल्ला वेशीपर्यंत जाऊन आली, तिथे ना बस होती ना आई. नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, क्लेलियाबाई बोलत बोलत बसमध्ये चढल्या, त्या वाटाड्या मुलीने घाईघाईने डोकी मोजली, बरोबर भरली म्हणाली, आणि बस सुटली.

डोकी बरोबर कशी भरली, हे घरी परतल्यावर कळलं. आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. शिसवी पलंगावर, चांगला अभ्रा घातलेली उशी डोक्याखाली घेऊन, बूट नीट जोडीने खाली काढून ठेवून, एक म्हातारे गृहस्थ गाढ झोपले होते.

ओरेस्ते त्यांना उठवावं की नाही या विचारात उभा असतानाच फोन वाजला. मिरेल्लाने घेतला. पलीकडून गलका आणि अकॉर्डियनचे सूर ऐकू येत होते.

आई म्हणाली की ती खाली हॉटेलात आहे. बस सुटल्याचं पहिल्या वळणावर तिच्या लक्षात आलं होतं, दुसऱ्या वळणावर तिने गप्प बसायचं ठरवलं. कोणी अत्तीलिओ नावाचे गृहस्थ वर घरीच झोपून राहिलेत, त्यांची खोली तिला मिळालीय. संध्याकाळी गच्चीवर नाच आहे. उद्या बघू.

"आई," मिरेल्ला म्हणाली, "अगं, ओरेस्तेला तुला काही विचारायचं होतं."

"आता काय विचारायचं राहिलंय?" आई म्हणाली. "त्याच्या माणसांनी बसमध्ये मला रीतसर मागणी घातली. सगळी बस उभी राहिली होती. मी हो म्हटलंय."

मिरेल्लाने फोन ओरेस्तेच्या कानाशी नेला, पण आईचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"आणि अत्तीलिओ उठले की त्यांना गरम सूप करून दे," ती सांगत होती. "वरचं मोठं भांडं काढ, चिरा गेलेलं नको. मुलाकडचे आहेत ते. उद्या बोल लागायला नको."