पिठातली किल्ली

पोस्टातल्या कपाटाची किल्ली दोनदा हरवल्यावर पोस्टमास्तरांनी डोकं चालवलं. घरी आणून ती फळीवरच्या जादा पिठाच्या डब्यात पुरून ठेवली, कारण त्या डब्याला कुणी हात लावत नसे. नेमक्या त्याच कारणाने बायकोने तो डबा गावच्या धान्यघराला देऊन टाकला.

"अगं, निदान विचारायचंस तरी!"

"काय विचारायचं? पिठात किल्ली आहे का म्हणून?"

मास्तर तडक निघाले.

धान्यघर म्हणजे शाळेमागची एक खोली. गावात अर्धपोटी झोपणारी घरं आहेत, हे निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना मुलांच्या चेहऱ्यांवरून कळत आलं होतं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी हे फुकट धान्यवाटप सुरू केलं. नियम एकच: येणाऱ्याला काही विचारायचं नाही. पण समोरच सलून, आणि न्हावी महा चौकस. लाजेपोटी कुणी पायरी चढेना. 'गरजच नाही कुणाला,' म्हणत गावची कमिटी महिनाअखेर खोली परत घेणार होती. बाईंची झोप उडाली होती.

"बाई, तो पिठाचा डबा..." मास्तरांनी सुरुवात केली.

"काही बोलू नका. इथे कारण विचारत नाहीत."

"पण मला सांगायचंय!"

"नियम म्हणजे नियम."

बाईंच्याच वर्गात शिकलेल्या मास्तरांची पुढे बोलायची काय टाप! तांदूळ, डाळ, तेल आणि पिठाचा भलताच डबा घेऊन ते बाहेर पडले, तेव्हा समोर न्हाव्याची कात्री हवेतच थांबली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा भलताच डबा. इकडे तिकिटांचं कपाट बंद, त्यामुळे पोस्टात येणाऱ्या प्रत्येकाला "तिकिटं नाहीत" सांगायची पाळी आली. न्हाव्याने लगेच हिशेब जुळवला, "पोस्टाचीच ही दशा, तर मास्तरांचा पगार कुठून होणार?"

संध्याकाळी दूधवाल्याने आपणहून अर्धा लिटर जास्त घातलं. न्हाव्याची बायको गरम कपडे देऊन गेली.

"तुमच्या किल्लीपायी मला दुसऱ्याचा स्वेटर घालावा लागला," बायको कडाडली.

"घातलास कशाला?"

"छान बसत होता."

तिसऱ्या दिवशी मास्तर धान्यघराच्या दारातच सगळ्यांदेखत खुलासा करायच्या तयारीने गेले. तोंड उघडलं आणि मागे वळून पाहिलं. मागे टेलरबाई उभ्या होत्या, हातात रिकामी पिशवी. त्यांच्यामागे खाणीतला मजूर, मग एक म्हातारं जोडपं.

"मास्तर, तुम्हीच येताय म्हटल्यावर आम्हाला कसली लाज?" टेलरबाई हळूच म्हणाल्या. "काल पोरं नुसतं पाणी पिऊन झोपली हो."

मास्तरांनी खुलासा बाजूला ठेवला.

"रांगेत उभं राहायचं, बस्स," ते म्हणाले. "काही अवघड नाही."

त्यांची पाळी आली तेव्हा बाईंनी खणातून किल्ली काढून गुपचूप त्यांच्या हातावर ठेवली.

"डबा आला त्याच दिवशी सापडली होती."

"मग तेव्हाच का नाही दिलीत?"

"दोन महिन्यांत पहिला माणूस पायरी चढला होता. असा सोडते होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पुन्हा चपला घालू लागले.

"आता कुठे? किल्ली मिळाली ना?" बायकोने विचारलं.

"डबे परत करायचेत."

दोन्ही डबे पिठाने भरलेले होते. मास्तरांनी एकच उचलला, दुसरा उद्यासाठी ठेवला, आणि न्हाव्याला नीट दिसेल असे रांगेत सगळ्यांत पुढे जाऊन उभे राहिले.