दिवंगत गायकाचा आक्षेप

आपण वारलो, ही बातमी ताईंना रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत रेडिओवर कळली. हातात नमुन्यांचा ट्रे होता.

"आत्ता ऐकलंत, ती एका विस्मरणात गेलेल्या हार्डकोर पंक बँडची एकुलती एक रेकॉर्ड," निवेदक सांगत होता. "काय तो धीरगंभीर आवाज! हे थोर गृहस्थ आज हयात नाहीत, आपलं दुर्दैव."

ताईंनी ट्रे जपून खाली ठेवला. बँड त्यांचाच. आवाजही त्यांचाच, एकोणिसाव्या वर्षीचा. फक्त रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांऐवजी तेहेतीसच्या वेगाने फिरवली होती, त्यामुळे किंचाळणारी पोर घसा बसलेला पुरुष झाली होती. निवेदकाला दोष द्यावा, तर लेबलं ताईंनीच हाताने लिहिली होती आणि एकावरही वेग घातला नव्हता. असली सुसाट, आरडाओरड्याची गाणी कुणी सावकाश वाजवील, हे तेव्हा बँडमधल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला गाठलं. तो त्याच बँडचा ड्रमर.

"अहो, मी मेले असं कुणी सांगितलं या रेडिओवाल्यांना?"

नवरा वर्तमानपत्रात आणखी आत शिरला. "मी नाही सांगितलं. रेडिओला रेकॉर्ड देणारा तो संग्राहक आहे ना, जुन्या बँडवर पुस्तक लिहितोय, त्याचा फोन होता. म्हणाला, गायक तर आता दिवंगत असतील. मी नुसतं 'हूं' केलं."

"हूं?"

"त्याच्या आधीच्याच वाक्यात तो म्हणाला होता की तालाचा इतका पक्का ड्रमर त्याने ऐकला नाही. लगेच त्याला खोटं कसं पाडायचं? आणि अगं, सावकाश लावली की मी खरंच तालात वाटतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!"

"म्हणजे तुमच्या तालापायी माझा बळी!"

ताईंनी स्वतःच संग्राहकाला फोन लावला.

"त्या बँडची गायिका बोलतेय मी."

"बाई, बावीस वर्षं त्या आवाजाचा अभ्यास आहे माझा. तो माणूस किमान शंभर किलोचा होता."

"मी अठ्ठेचाळीस किलोची होते."

"लोक प्रसिद्धीसाठी काय वाट्टेल ते सांगतात हो. नंबर तर ड्रमरसाहेबांचा दिसतोय... अच्छा, मिसेस का तुम्ही? मग गुरुवारी ग्रंथालयात श्रद्धांजलीला या ना. शुक्रवारी पुस्तक छापायला जातंय."

एकदा पुस्तकात छापलं, की आपला आवाज कायमचा त्या जाड्या गृहस्थाचा होणार, हे ताईंनी ओळखलं. गुरुवारी त्या अर्धी रजा टाकून निघाल्या.

सभागृहात तीसेक माणसं होती. दिवंगतांचा फोटो मिळाला नव्हता, म्हणून व्यासपीठावर एक रिकामी खुर्ची ठेवली होती. ताई सरळ जाऊन तिच्यात बसल्या.

"बाई, ती दिवंगतांची आहे!" संग्राहक कुजबुजला.

"माहीत आहे."

पहिल्या रांगेत नवरा छताचा अभ्यास करू लागला. बाईंना उचलून बाजूला ठेवणं बरं दिसेना, म्हणून संग्राहकाने भाषण आवरतं घेतलं आणि एक मिनिट शांतता पाळण्याची विनंती केली. सगळे उठले, माना खाली गेल्या.

ताईही उठल्या. टेबलावरच्या रेकॉर्ड प्लेअरचा खटका त्यांनी पंचेचाळीसवर सरकवला, पिन टेकवली आणि रेकॉर्डबरोबर गाऊ लागल्या. गाण्यात शब्द एकच होता: "नाही!" तो त्यांनी छताला, संग्राहकाला आणि खाली घातलेल्या एकेका मानेला ऐकवला. ड्रम्स जिन्यावरून भांडी गडगडावीत तसे वाजत होते. नवऱ्याला राहवेना. तो खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हातांनी बडवू लागला, आणि रेकॉर्डवर जिथे चुकला होता नेमका तिथेच पुन्हा चुकला. एवढी हुबेहूब चूक दुसऱ्या कुणाला जमणं शक्य नव्हतं, म्हणजे खरा वेग हाच. संग्राहकाने खिशातून पेन काढलं आणि हस्तलिखितातलं दिवंगतांवरचं अख्खं पान आडवं खोडलं.

गाणं अठ्ठावन्न सेकंदांचं. मिनिटातले दोन सेकंद उरले. तेवढी शांतता मात्र सभेने मनापासून पाळली.

मग मागच्या रांगेतल्या एका आजींनी डोळे पुसत विचारलं, "पण मग ते गृहस्थ?"

"आत्ताच गेले," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली.