धैर्याचा तक्ता

साथीच्या काळात रोग्याजवळ असणाऱ्याने घाबरायचे नसते; ते काम जनतेकडे असते. १९९४च्या सप्टेंबरात प्लेग सुरतेत आला आणि बनारसच्या गल्ल्यांनी हे काम इतके चोख बजावले, की एकही रोगी सापडण्याआधी बाजारातले रुमाल संपले.

घाटाजवळच्या एका इस्पितळात ताबडतोब मनोबल समिती नेमली गेली. सुरतेच्या गाडीतून उतरलेले अकरा तापकरी (नऊ मलेरियाचे, दोन नुसते दमलेले) वेगळ्या वॉर्डात ठेवले. तिथे सिस्टर लतिका आठ दिवस राबत होती. झोप उडाली होती. कुणीतरी जवळ बसावे आणि आपण घाबरलो आहोत हे एकदाचे बोलून टाकावे, एवढेच तिला हवे होते. दूधविनायक गल्लीतल्या घरी सासूबाई ताट उंबऱ्याशी सरकवून सात हात मागे सरत (तीन पिढ्यांचे सोवळे, एवढी शिस्त वॉर्डात नव्हती).

समितीने कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म काढला : ‘तुम्हाला भीती वाटते का?’ ‘हो’ म्हणणाऱ्याने पुराव्यासह, तीन प्रतींत, भीती वाटण्याच्या सात दिवस आधी अर्ज करायचा होता.

समितीचे कारकून प्रल्हादराव लतिकाच्याच गल्लीतले. ते खिडकीबाहेरून म्हणाले, “लतिकाताई, ‘नाही’ लिहा हो. चाळीस जणांनी लिहिलंय. तुमच्या एकटीमुळे तक्ता बिघडायचा.”

“पण वाटते ना भीती, प्रल्हादराव.”

“वाटू दे की. लिहायची कशाला?”

तिने ‘नाही’ लिहिले. धैर्य शंभर टक्के भरले. निर्भय माणसांना मास्क कशाला, या बिनतोड विचाराने आलेले मास्क समितीने स्वतःसाठी ठेवून घेतले.

ऑक्टोबरात घबराट ओसरली आणि गल्लीने बालाजी घाटावर लतिकाचा सत्कार केला. अध्यक्षांनी शाल पायरीवर ठेवली आणि ते लगबगीने मागे सरले. नारळ घरंगळत तिच्यापर्यंत पोचला. मग दोन शब्द बोलण्याची विनंती झाली.

लतिकाने दोन्ही हातांनी माइक धरला. “मला फार भीती वाटली,” ती म्हणाली. “अजून वाटते. कुणी जरा जवळ येऊन बसेल का?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. समितीच्या अहवालात ‘अत्यंत विनयशील भाषण’ अशी नोंद आहे. तिच्या शेजारची पायरी शेवटपर्यंत रिकामी राहिली.

सर्वांत जोरात टाळ्या अगदी मागच्या पायरीवरून येत होत्या. तिथे तुम्ही बसला होता. रुमाल नाकाला घट्ट बांधलेला असल्यामुळे तुमचे दोन्ही हात मोकळे होते.