खोटं बोलणारी पानं

वझलवारजींच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी गोंदाची बाटली असायची. छापलेलं काही प्रत्यक्षाशी जुळलं नाही की "पान खोटं बोलून राहिलं गा!" म्हणत हा माणूस तिथेच दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायचा. नागपुरात धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी दवाखाना तळमजल्यावर आणला, पाटीवर मात्र 'दुसरा मजला' तसंच राहिलं. यांनी त्यावर चिठ्ठी डकवली आणि कंपाउंडरच्या शिव्या खाल्ल्या. माझ्या लग्नपत्रिकेलाही त्यांनी सोडलं नाही. 'भोजन : बारा वाजता' याखाली त्यांच्या अक्षरात होतं, 'प्रत्यक्षात अडीच'. खरोखरच अडीच वाजले, आणि त्याबद्दल माझ्या सासऱ्यांनी त्यांना कधीच माफ केलं नाही.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. मी कॉलेजात गणित शिकवायचो, ते तिथल्या कॉम्प्युटरचे ऑपरेटर. मुलांना आम्ही जी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचो ती कुणाच्या मालकीची नव्हती. पुण्याच्या एका कॉलेजातली मंडळी तिच्या टेपा फुकट वाटत. चूक सापडली तर कळवा, एवढीच अट. भाषा सारखी सुधारत गेली, माहितीपुस्तिका मात्र होती तिथेच. मुलं पुस्तिकेबरहुकूम लिहीत आणि मशीन ऐकत नसे.

वझलवारजींनी पहिल्या पानापासून एकेक उदाहरण चालवून बघायला घेतलं. तीन वर्षं! चिठ्ठ्यांनी पुस्तिका पुरीसारखी फुगली. दर शनिवारी दुरुस्त्या पुण्याला जात. उत्तर यायचं टाइप केलेलं, एका ओळीचं : 'दुरुस्त्या मिळाल्या. आभार. – एस. पाठक.' ती एवढीशी ओळ ते चारचारदा वाचत. मला मोठं नवल वाटायचं.

त्याहून नवल म्हणजे, चुका कमी होऊ लागल्या तसे ते चिडचिडे झाले.

"आज काहीच सापडून नाही राहिलं गा."

"मग चांगलंच की!"

"तुले काय समजते!"

घरी ते एकटेच असत. मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, एवढं कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. तो विषय कुणी काढत नसे.

शेवटी नव्या पुस्तिकेच्या पाच प्रती आल्या. सगळ्या दुरुस्त्या जिथल्या तिथे. एका प्रतीवर वझलवारजींचं नाव होतं, पण त्यांचा चेहरा उतरला. "झालं. आता काय लिहू?"

सोबतचं पत्र मी उघडलं. तीच ओळ, तीच सही. खाली मात्र पेनानं लिहिलं होतं : 'बाबा, पान चार पाहा.'

मी चाटच पडलो. त्यांनी आपल्या प्रतीतलं पान काढलं. छापलेली बरोबर ओळ खोडून वर त्याच पेनानं जुनी, चुकीची ओळ लिहिली होती. त्यांनी सगळ्यात आधी कळवलेली चूक. बाकीच्या चार प्रती मी भराभर चाळल्या. त्या बिनचूक होत्या.

"पान खोटं..." एवढंच ते म्हणाले. गोंदाची बाटली खिशातच राहिली.

"तुझ्यापाशी अंतर्देशीय आहे का गा?"

मी दिलं. दुरुस्त्यांची पत्रं ते झरझर लिहीत. आज 'चि.' लिहून थांबले. कितीतरी वेळानं पुढे 'सौ.' लिहिलं, आणि मग 'सुमन'.