गोलरक्षकाची दाढी

बर्फावरच्या हॉकीतलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या टॅमरॅक गावात कोणालाही कळत नाही. हे मी माझ्या तोंडाने सांगतोय असं समजू नका. माझी बायको नेटी चारचौघांत म्हणते, "एल्मर, तुला जेवढं कळतं तेवढं देवालासुद्धा कळत नसेल." ती हे कौतुकाने म्हणत नाही, पण साक्ष ती साक्षच.

मी न्हावी आहे. खाली सलून, वर घर आणि सलूनच्याही खाली तळघर. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती एकदा कापड बांधलं की ते अर्धा तास माझ्या ताब्यात असतं. त्या अर्ध्या तासात मी आमच्या टॅमरॅक बायसन्स संघाबद्दल चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. लीग आमची लहान. खेळाडू बसने हिंडतात, थर्मासातली कॉफी पितात. पण खेळायचा पगार मिळतो, तेव्हा व्यावसायिक म्हणजे व्यावसायिकच. कर्णधार डर्क खांद्याने फ्रिजएवढा आहे आणि वळतोही फ्रिजसारखाच. डावीकडचा लुसिए चकती, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतला चेंडू, सगळ्यांना देतो, आपल्या माणसांना सोडून. ही माझी मतं मी कोणापासून लपवून ठेवलेली नाहीत.

रिंकवर, म्हणजे आमच्या बर्फाच्या मैदानावर, माझी जागा गोलच्या बरोबर मागे, भोवतीच्या काचेला नाक टेकेल अशी. तिथून मी आमच्या गोलरक्षकाला मार्गदर्शन करतो. तापियो त्याचं नाव, फिनलंडचा पोरगा. सोन्यासारखा गोलरक्षक, पण एक खोड आहे त्याला. चकती दिसली रे दिसली की गुडघ्यांवर बसतो. मग मी काचेवर हात आपटून ओरडतो, "उठ! उभा राहा! डावीकडे बघ!" ऑक्टोबरापासून मी हे न चुकता केलंय. आवाज माझा खणखणीत आहे. एकदा तर समोरच्या संघाचा गोलरक्षक उठून उभा राहिला होता.

आता मुद्द्याचं सांगतो. तोपर्यंत बायसन्सनी चषक एकदाच जिंकला होता. तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि गालगुंड होऊन अंथरुणात पडलो होतो. सगळं गाव रिंकवर नाचत होतं आणि माझी आई माझ्या गालांना लोकरीचं फडकं बांधत होती. त्या दिवसापासून एकच इच्छा धरून आहे. मरायच्या आधी चषक आमच्या कर्णधाराने डोक्यावर धरलेला या डोळ्यांनी बघायचा. बस्स. आणि यंदा आम्ही अंतिम मालिकेत पोचलो होतो.

प्लेऑफ, म्हणजे चषकासाठीचे शेवटचे सामने, सुरू झाले की आमच्याकडे कोणी दाढी करत नाही. खेळाडू करत नाहीत, म्हणून गावही करत नाही. बँकेचा मॅनेजर, पोस्टमन, चर्चचे फादर, सगळे अस्वलं होऊन हिंडतात. संघ बाहेर पडेपर्यंत किंवा चषक हातात येईपर्यंत गालाला पातं लावायचं नाही. लावलं की संघाचं नशीब संपलं! माझा धंदा या दिवसांत पार बसतो, पण मी कधी तक्रार केली नाही. गावासाठी माणसाला काहीतरी सोसावंच लागतं.

चार सामने जिंकेल त्याचा चषक, आणि मालिकेत आम्ही तीन-दोनने मागे होतो. सहावा सामना घरच्या रिंकवर, संध्याकाळी. हरलो असतो तर तिथेच संपलं असतं. त्या दिवशी दुपारी सलूनची घंटा वाजली आणि दारात कोण? साक्षात तापियो. छातीपर्यंत पिवळी दाढी, डोळे झोप न झालेल्या माणसाचे.

"मला तुमच्याशी जरा..." तो म्हणाला.

"बस, बस, पोरा," मी म्हणालो, आणि त्याला खुर्चीत ढकलून गळ्याला कापड बांधलं. "मुखवट्याचा पट्टा गळ्याला घासतोय ना? मला काचेतून दिसतं सगळं. खालचं जरा साफ करून देतो, दाढीला हात लावत नाही."

"नाही, मी यासाठी..."

"पैशाचं नाव काढायचं नाही. आज तुझ्याकडून पैसे घेईन तर हात झडतील माझे."

त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा मी त्यावर गरम टॉवेल ठेवला. फिनलंडची माणसं मुळात बोलत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. थोड्याच वेळात तो घोरायला लागला. बाकावर माझा मित्र वॉली बसला होता. गिऱ्हाईक नसलं की तो असतोच, आणि गिऱ्हाईक असलं तरी असतो. भिंतीवरच्या टीव्हीत मागचा सामना पुन्हा दाखवत होते. मी टॉवेल कपाळाकडे सरकवला, गळ्याला फेस लावला आणि वस्तरा हातात घेतला.

"तिसरा गोल त्याच्या चुकीने नाही झाला," वॉली म्हणाला.

"मग काय माझ्या चुकीने झाला? बघ, बघ आता. चकती अजून पार तिकडे आहे आणि हा बसला गुडघ्यांवर. सरळ उभा राहिला असता तर अशी आडवी काठी घालून, एका फटक्यात, इकडून तिकडे, असं साफ..."

मी टीव्हीकडे बघत होतो. हात कुठे होता ते वॉलीच्या तोंडाकडे बघून कळलं. त्याचा जबडा उघडा पडला होता.

मी खाली पाहिलं. तापियोच्या उजव्या कानापासून हनुवटीपर्यंत गुळगुळीत गुलाबी पट्टा. हिमवादळानंतर नगरपालिकेची बर्फ हटवायची गाडी एकदाच फिरून जावी आणि मधोमध रस्ता उघडा पडावा, तसा. कित्येक आठवडे गाल न मिळालेला माझा हात, त्याने मला न विचारता काम उरकलं होतं.

मी टॉवेल परत चेहऱ्यावर टाकला आणि नेटीला खाली बोलावलं. ती पिरोगीचं, म्हणजे आमच्याकडच्या बटाट्याच्या करंज्यांचं, पीठ लागलेल्या हातांनीच आली, टॉवेल उचलून पाहिलं आणि परत ठेवला.

"खेळताना मुखवटा घालतो ना तो? मग कोणाला दिसतंय?"

"देवाला दिसतं, नेटी."

"मग देवाने वस्तरा का नाही धरला तुझा?" ती म्हणाली, पण वर जाऊन खोट्या पापण्या चिकटवायचा डिंक घेऊन आली. आम्ही जमिनीवरचे केस गोळा करून एकेक पुंजका चिकटवायला लागलो. तीन पुंजके बसले. चौथा माझ्या अंगठ्याला बसला. तेव्हा वॉलीला आठवलं की चर्चमध्ये नाताळच्या नाटकातली येशूच्या बापाची, योसेफाची, खोटी दाढी आहे.

"पळ आणि घेऊन ये," मी म्हणालो. "पण कोणाजवळ एक अक्षर बोलू नकोस."

वॉलीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. पण बुडत्याला काडीचा आधार. वॉलीने चर्चमधल्या बाईंना फक्त एवढंच सांगितलं की एल्मरचा वस्तरा तापियोवर फिरला. बाईंनी डोनटच्या दुकानात सांगितलं की गळ्यावरून फिरला. डोनटच्या दुकानातून बातमी रिंकवर गेली तोपर्यंत तापियोवर अंत्यसंस्कार कुठे करायचे, इथे की फिनलंडला, यावर चर्चा चालू झाली होती.

वॉली योसेफाची दाढी घेऊन आला. कुळकुळीत काळी, आणि एका बाजूने कसर लागलेली. ती मी तापियोच्या हनुवटीला लावून बघतोय तोच बाहेर आगीचा बंब भोंगा वाजवत उभा राहिला. त्यातून कोच ब्रॅनिगन उतरला, मागे फादर, मागे सगळी अस्वलं.

"कुठे लागलंय त्याला?" कोच ओरडला.

"लागलेलं नाही," मी म्हणालो.

"मग?"

नेटीने टॉवेल उचलला. कोच मटकन बाकावर बसला.

"लागलं असतं तर परवडलं असतं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बंबाच्या आवाजाने तापियो जागा झाला. त्याने आरशात पाहिलं. डावीकडे दाढी, उजवीकडे गाल, गालावर तीन पुंजके आणि हनुवटीखाली योसेफ.

"सगळी काढा," तो म्हणाला.

"वेडा आहेस का तू?" कोच उठला. "अर्धी आहे तेवढी तरी राहू दे."

"अर्ध्या दाढीने अर्धंच नशीब येतं," वॉली म्हणाला. "त्यापेक्षा योसेफ बरा."

"दाढी लबाडीची चालणार नाही," फादर म्हणाले. "हा काही नाताळ नाही."

यावर अस्वलांमध्ये दोन तट पडले. एक अर्धीवाल्यांचा, एक योसेफवाल्यांचा. तापियो शेवटी एवढंच म्हणाला, "खाजते." आणि मान वर केली.

मी उरलेली दाढी उतरवली. सगळं गाव माझ्या हाताकडे बघत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची दाढी तोंडातून शब्द न काढता केली. ती झाली तेव्हा खुर्चीत एक कोवळं पोरगं बसलेलं निघालं. ते मला म्हणालं, "आता बोलू का?" पण कोचने त्याला दंडाला धरून उठवलं आणि बंबात घालून नेलं. जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, "आज हरलो, एल्मर, तर उद्या तू दुसऱ्या गावात दुकान बघ."

त्या संध्याकाळी नेटीने मला रिंकवर जाऊ दिलं नाही. लोक फाडून खातील म्हणाली. मलाही पटलं. मी तळघरात जाऊन बटाट्याच्या पोत्यावर बसलो. रेडिओ लावायची छाती झाली नाही. आमच्या रिंकचा भोंगा मात्र गावभर ऐकू येतो, आणि तो आम्ही गोल केला तरच वाजतो. मी भीतीने कान झाकून बसलो होतो, तरी ऐकू आला. मग परत आला. मग आणखी दोनदा.

मी धावत वर आलो. नेटी टीव्हीसमोर बसली होती. चार-शून्य! तापियोने एकही चकती आत जाऊ दिली नव्हती. माझी छाती फुगली. म्हणजे दाढीनेच अडलं होतं की सगळं! मी नेटीला सांगणारच होतो की सातव्या सामन्याआधी सगळा संघ माझ्या खुर्चीत बसणार, तेवढ्यात तापियोच्या तोंडासमोर माइक आला.

"आज रहस्य काय?" मुलाखतवाल्याने विचारलं.

"शांतता," तापियो म्हणाला. आणि मग फिनलंडच्या माणसाने आजवर केलं नसेल एवढं मोठं भाषण त्याने केलं. "माझ्यामागे काचेजवळ एक गृहस्थ बसतात. वर्षभर ओरडतात. मला झोपेतसुद्धा ऐकू येतात. म्हणून आज त्यांच्या दुकानात विनंती करायला गेलो होतो. बोलायला फट मिळाली नाही. त्यांनी माझी दाढी केली. पण संध्याकाळी ते आले नाहीत. आज पहिल्यांदा मला चकतीचा आवाज आला."

नेटीने टीव्ही बंद केला. माझ्याकडे पाहिलं नाही, ही तिची माया.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोच, फादर आणि वॉली घरी आले. नेटीने त्यांना कॉफी दिली. कोणी रागावलेलं नव्हतं, उलट फार प्रेमाने बोलत होते. त्यावरूनच मला धडकी भरली.

"एल्मर," कोच म्हणाला, "तू शेवटच्या सामन्याला येऊ नयेस अशी गावाची विनंती आहे."

"मी तोंड बंद ठेवीन. पट्टी लावा हवं तर."

"लेका, तू पट्टीतूनसुद्धा बोलशील," वॉली म्हणाला.

"मग लांब बसवा. छतावर बसवा. मी सात वर्षांचा असल्यापासून याची वाट बघतोय हो." माझा आवाज फाटला. लाज वाटली, पण फाटला.

फादरांनी माझा हात हातात घेतला. "आम्हाला कल्पना आहे. पण तू खाली तळघरात बसलास आणि समोरचे शून्यावर राहिले ना? मग खालीच बस. वॉली रेडिओ घेऊन जाईल, उगाच मोह नको."

"आणि माझं तिकीट?"

"जागा रिकामी ठेवणं अपशकुनी," कोच म्हणाला. सगळ्यांनी नेटीकडे पाहिलं. नेटीने जन्मात रिंकवर पाऊल ठेवलं नव्हतं. सामना चालू असला की ती पिरोगी लाटते.

असा मी सातव्या सामन्याला तळघरात बसलो. बाहेर रस्त्यावर एक गाडी नाही, कुत्रं नाही. भोंगा वाजेना. बरोबरी राहिली की पहिला गोल पडेपर्यंत खेळतात; तासावर तास गेले, भोंगा वाजेना. आणि मग एकदाच वाजला, लांबलचक. पाठोपाठ चर्चची घंटा, गाड्यांचे हॉर्न, बंबाचा भोंगा. मला कळलं काय ते. मी बटाट्याच्या पोत्याला मिठी मारून रडलो. खोटं कशाला सांगू, निम्मा आनंदाने रडलो आणि निम्मा नाही.

नेटी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि दोन्ही गालांवर लाल रंग फासलेला होता. मी तिला जिन्यातच गाठलं.

"गोल कोणी मारला?"

"तो नाही का, उंचसा, लाल मोज्यांचा."

"नेटी, आपल्या सगळ्यांचेच मोजे लाल आहेत."

"मग त्यातल्याच एकाने."

"पास कोणी दिला? लुसिएने?"

"दुसऱ्या लाल मोज्याने दिला असेल. मला काय माहीत, मी तेव्हा फादरांच्या गळ्यात पडले होते." ती पायरीवर बसली आणि बूट काढायला लागली. तिचे डोळे चमकत होते. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी ते इतके चमकलेले पाहिले नव्हते. "काय रे मजा असते, एल्मर! एवढी वर्षं मला कधी बोलला नाहीस ते?"

सामन्याचं चित्रण मी नंतर टीव्हीवर पाहिलं. पण ते म्हणजे वरातीमागून घोडं. चषक डर्कच्या डोक्यावर होता आणि काचेपलीकडे, बरोबर मध्यभागी, नेटी उड्या मारत होती.

"कोच म्हणाले," दुसरा बूट काढता काढता ती त्या दिवशी म्हणाली, "पुढच्या वर्षीही याच जागी बसा. संघाला तुमचा पायगुण चांगला आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. तुझ्यासाठी तळघरात एक चांगली खुर्ची टाकू या आपण."

खुर्ची आली आहे. बरी आहे. पाठीला आराम पडतो.